बाहुल्यांची साक्ष

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. 'ब्राऊन' खटल्याचा हा निकाल आपल्या व्याख्यानांतून, परिसंवादांतून वारंवार येतो, आणि यायलाही हवा. परंतु त्या निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. न्यायमूर्तींनी तेथे कायद्याचा नव्हे, समाजशास्त्राचा आणि मानसशास्त्राचा आधार दिला आहे. त्या यादीत पहिलेच नाव केनेथ क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञाचे आहे. शोषितांच्या घरातून आलेल्या माणसाचे संशोधन देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून उचलले, ही घटना साधी नाही. मात्र त्या संशोधकांनी न्यायालयापुढे जे ठेवले होते त्यातले अर्धेच न्यायालयाने उचलले. उरलेले अर्धे मला आज जास्त महत्त्वाचे वाटते.

मुळात मन मोजण्याचे हे शास्त्र काळ्यांच्या बाजूचे नव्हते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने सतरा लाखांच्या आसपास सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली त्या आकड्यांवरून पुस्तक लिहिले आणि गोऱ्यांतही वरचे-खालचे वंश लावून निग्रोंना तळाला बसवले. (१९३० मध्ये त्याने स्वतःच आपले निष्कर्ष मागे घेतले, पण तोवर त्या आकड्यांनी आपले काम करून टाकले होते. असे आकडे मागे घेता येतात, त्यांनी केलेले काम मागे घेता येत नाही.) या आकड्यांना उत्तर आले ते कोलंबिया विद्यापीठातून. ओटो क्लाइनबर्ग यांनी दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेल्या काळ्या मुलांचा अभ्यास करून १९३५ साली दाखवून दिले की शहरात जितकी वर्षे अधिक, तितके गुण अधिक. म्हणजे चाचणीत उतरत होते ते रक्त नव्हे, शाळा. उत्तरेकडील काही राज्यांतल्या काळ्या सैनिकांचे गुण दक्षिणेकडील काही राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांहून जास्त होते, हेही त्याच लष्करी आकड्यांत दडलेले होते. ज्यांनी आकडे जमवले त्यांनी ते पाहिले नाही, किंवा पाहून सांगितले नाही.

कोलंबिया म्हटले की आपले कान टवकारतात. बाबासाहेब तेथे १९१३ ते १९१६ शिकले, आणि ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे शिष्य. वंशश्रेष्ठतेच्या शास्त्राला विद्यापीठाच्या आतून पहिला मोठा धक्का दिला तो याच बोआस यांनी, आणि क्लाइनबर्गही त्यांच्याच प्रभावाखाली घडले. तेव्हा ज्या विचारमंडळात जातीचा उगम तपासला गेला, त्याच मंडळाच्या पुढच्या पिढीत केनेथ आणि मेमी क्लार्क हे जोडपे शिकले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागवली होती, हेही येथे आठवावे. या दोन लढ्यांचे नाते आपण १९७२ साली 'पँथर' हे नाव घेतले तेव्हा सुरू झाले असे नाही.

आता मेमींबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना नवऱ्याच्या नावामागे उभे केले आहे. मेमी फिप्स यांचा जन्म १९१७ साली आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज या गावी झाला. वडील डॉक्टर. हॉवर्ड विद्यापीठात त्या गणित शिकायला आल्या आणि मानसशास्त्राकडे वळल्या. तेथे विभागप्रमुख होते फ्रान्सिस समनर, अमेरिकेत मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारे पहिले काळे गृहस्थ. १९३८ च्या उन्हाळ्यात मेमींनी वॉशिंग्टनमधल्या विल्यम ह्यूस्टन यांच्या वकिली कचेरीत काम केले. नागरी हक्कांचे खटले लढणारी मंडळी तेथे येत-जात. खटला कसा उभा राहतो, पुरावा म्हणजे काय, हे त्यांनी तेथे पाहिले. १९३९ चा त्यांचा एम. ए. चा प्रबंध बालवाडीतल्या काळ्या मुलांच्या 'स्व'च्या जाणिवेवर होता. पुढे जगभर गाजलेल्या बाहुल्यांच्या प्रयोगाचे मूळ या प्रबंधात आहे. हे काम मुळात मेमीचे, असे केनेथ स्वतः सांगत राहिले. तरीही पाठ्यपुस्तकांनी ते केनेथच्या नावे लावले.

केनेथची आई मिरियम ही मूळची जमैकाची, पनामाहून मुलांना घेऊन हार्लेममध्ये आलेली शिवणकामगार स्त्री. ती कामगार संघटनेत होती. मुलाला धंदेशिक्षणाच्या शाळेत घालावे असे शाळेने सुचवले तेव्हा ती शाळेत जाऊन भांडली. घरातला पहिला पदवीधर बाहेर पडतो त्यामागे बहुधा अशी एखादी भांडखोर बाई असते.

प्रयोग असा होता. चार बाहुल्या. दोन तपकिरी रंगाच्या, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. बाकी सगळे सारखे. अंगावर फक्त पांढरा लंगोट. तीन ते सात वर्षांच्या मुलांना एकेक करून सांगायचे : तुला जिच्याशी खेळायला आवडेल ती बाहुली दे. चांगली बाहुली दे. जी वाईट दिसते ती दे. जिचा रंग छान आहे ती दे. आणि शेवटी : जी तुझ्यासारखी दिसते ती दे. एकूण २५३ काळी मुले. त्यांपैकी १३४ आर्कान्सातल्या वेगळ्या शाळांतली आणि ११९ मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावच्या मिश्र शाळांतली. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातले आकडे असे : खेळायला गोरी बाहुली मागणारी मुले ६७ टक्के, तपकिरी बाहुली वाईट दिसते म्हणणारी ५९ टक्के. आणि तरीही स्वतःसारखी म्हणून तपकिरी बाहुलीच उचलणारी ६६ टक्के. जिला आत्ताच वाईट ठरवले ती म्हणजे मीच, हे कबूल करायची वेळ आली तेव्हा उत्तरेकडची काही मुले रडू लागली, काही खोलीतून पळून गेली. आर्कान्सात एका मुलाने मात्र हसत हसत बाहुलीकडे बोट दाखवले आणि काळ्यांना दिली जाणारी शिवी बाहुलीलाही लावली, स्वतःलाही लावली. त्या रडण्याइतकेच हे हसणेही क्लार्कना अस्वस्थ करून गेले. आपल्यापैकी ज्यांनी गावच्या चावडीवर आपल्या आजोबांचे हसणे पाहिले आहे, त्यांना त्यातली अस्वस्थता वेगळी समजावून सांगायला नको.

या आकड्यांत एक गाठ आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गोऱ्या बाहुलीकडे ओढा दक्षिणेच्या वेगळ्या शाळांपेक्षा उत्तरेच्या मिश्र शाळांतल्या मुलांत जास्त दिसला. पुढे टीकाकारांनी हेच हत्यार उचलले. मग वेगळ्या शाळांनीच इजा होते हे कशावरून, असे ते विचारू लागले. प्रश्न चुकीचा नव्हता. पण एकाच बाकावर बसवले म्हणजे वर्णभेद संपला, असे ज्यांना वाटते त्यांनीच त्यातून वेगळ्या शाळांचे समर्थन काढावे. गोऱ्यांच्या उत्तरेत राहणारे मूल रोज गोऱ्यांच्या नजरेखाली असते. दक्षिणेतल्या मुलाला निदान शाळेच्या भिंतीआड ती नजर टळत होती. भिंत बांधणारा आणि नजर टाकणारा एकच आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे गाठ सुटते.

खटल्याकडे वळू. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्यात १९४९-५० साली गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते, काळ्या मुलामागे ४३. गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या होत्या, काळ्यांसाठी एकही नाही. मागणी सुरू झाली ती एका बसपासून. अर्जावर पहिले नाव असलेल्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. पुढाकार घेणारे पाद्री डिलेन यांचे घर जळाले. (गावात पाणवठ्याचा अर्ज केल्यावर काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल : आधी काम जाते, मग छप्पर.) १९५१ च्या मे महिन्यात चार्ल्सटनला सुनावणी होती. रॉबर्ट कार्टर या वकिलाने केनेथ क्लार्कना बोलावले, आणि ते बाहुल्या घेऊन क्लॅरेंडनला गेले. सहा ते नऊ वर्षांच्या सोळा मुलांना त्यांनी तपासले. त्यांपैकी दहांना गोरी बाहुली हवी होती. अकरा जणांना काळी बाहुली वाईट वाटली. न्यायालयात बाहुल्या न्यायच्या या कल्पनेला आपल्याच बाजूचे काही वकील हसले. थर्गुड मार्शल हसले नाहीत. त्यांचा मुद्दा असा की अपघातात हाडाला झालेली इजा डॉक्टर सिद्ध करतो, तशी येथेही इजा सिद्ध करावी लागेल. तीनपैकी दोन न्यायाधीशांनी विरोधात निकाल दिला. तिसरे, वेटीज वेअरिंग, हे स्वतः गोरे आणि चार्ल्सटनच्या जुन्या घराण्यातले. वेगळे ठेवणे हीच विषमता आहे, असे त्यांनी आपल्या भिन्न मतपत्रात लिहिले आणि पुढे त्यांना गाव सोडावे लागले.

दुसऱ्या एका खटल्यातला प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत नाट्यमय वाटतो. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यात सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या मुलीने २३ एप्रिल १९५१ रोजी शाळेत संप घडवला. वर्ग डांबरी कागद लावलेल्या झोपड्यांत भरत, एवढेच संपाचे कारण. खटला १९५२ मध्ये रिचमंडला चालला. तेव्हा सरकारने साक्षीला आणले कोलंबियाचे प्राध्यापक हेन्री गॅरेट यांना. हे गॅरेट मानसशास्त्र परिषदेचे माजी अध्यक्ष आणि काळ्यांची बुद्धी जन्मतः कमी असते या मताचे. मेमी क्लार्क यांनी आपल्या डॉक्टरेटसाठी मुद्दाम याच माणसाला मार्गदर्शक निवडले होते आणि १९४३ मध्ये पदवी पदरात पाडून घेतली होती. रिचमंडच्या न्यायालयात गॅरेट यांचे म्हणणे खोडायला ज्या साक्षीदारांना उभे केले त्यांत मेमी होत्या. आपल्याकडे गुरूने अंगठा मागितल्याची गोष्ट शतकानुशतके भक्तिभावाने सांगितली जाते. शिष्येने विद्या आणि अंगठा दोन्ही सांभाळून गुरूविरुद्ध साक्ष दिल्याची ही गोष्टही आपल्या मुलींना सांगायला हवी.

सर्वोच्च न्यायालयात १९५२ साली अर्जदारांनी आपल्या कैफियतीला एक निवेदन जोडले. क्लार्क, इसिडोर शाइन आणि स्टुअर्ट कुक यांनी ते तयार केले आणि तीसहून अधिक समाजशास्त्रज्ञांनी त्यावर सह्या केल्या. या निवेदनात काळ्या मुलांच्या मनावर होणारा परिणाम होता, तसाच गोऱ्या मुलांवर होणाराही होता. दुसऱ्याला खाली लेखून स्वतःची किंमत ठरवायची सवय लागलेले मूल वास्तव ओळखायला शिकत नाही. समता आणि बंधुभावाचे धडे शिकवणारेच लोक भेद पाळताना ते पाहते आणि आतून दुभंगते, असा त्याचा आशय. म्हणजे रोग दोन्हीकडे आहे असे त्यांनी लिहून दिले होते. १९५४ चा निकाल मात्र एकाच बाजूबद्दल बोलतो : वेगळेपणामुळे निग्रो मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होतो. गोऱ्या मुलाबद्दल त्यात एक ओळ नाही.

निकाल एकमताने व्हावा म्हणून सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांना दक्षिणेच्या पचनी पडेल अशी सौम्य भाषा हवी होती, हे मला समजते. पण त्या सौम्यपणाची किंमत कुणी दिली? जखमी तो रोगी ठरला, आणि जखम करणारा निरोगी. मग उपाय काय, तर काळ्या मुलांना गोऱ्यांच्या निरोगी शाळेत न्यायचे. गोऱ्या मुलांना काळ्या शाळेत, काळ्या शिक्षकांच्या हाताखाली घालावे, असे कुणाला वाटले नाही. पुढल्या दशकात काळ्यांच्या शाळा बंद पडत गेल्या आणि हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सर्व सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्यांनी खासगी शाळा काढली, काळी मुले घरी बसली. शेजाऱ्याच्या पोराबरोबर शिकू नये म्हणून जो समाज आपली शाळा मोडतो, त्याच्या मनाची चाचणी घ्यायला हवी होती. १९६५ साली सरकारी अहवाल आला तो काळ्यांच्या कुटुंबावर. मॉयनिहॅन यांनी त्या कुटुंबाला विकृतीचे जंजाळ म्हटले, आणि दुःखाची गोष्ट अशी की तो शब्दप्रयोग क्लार्क यांच्याच हार्लेमवरील लिखाणातून उचललेला होता. क्लार्कनी तो गोऱ्या सत्तेवरच्या आरोपासाठी वापरला होता. अहवालात जाताच आरोपी बदलला.

१९६९ मध्ये जोसेफ ह्राबा आणि जेफ्री ग्रँट यांनी नेब्रास्कातल्या लिंकन शहरात तोच प्रयोग पुन्हा केला. आता बहुसंख्य काळ्या मुलांनी काळी बाहुली उचलली. मधल्या काळात माँटगोमेरीचा बस-बहिष्कार झाला होता, काळेपण सुंदर आहे ही घोषणा झाली होती. स्थळ वेगळे, काळ वेगळा, म्हणून एकाच कारणाकडे बोट दाखवू नये, हे खरे. पण जो न्यूनगंड कधीच पुसला जाणार नाही अशी भीती न्यायालयाला वाटत होती, तो पुसता येतो आणि पुसणारे हात त्याच वस्तीतले असतात, एवढे तर दिसतेच. १९५६ च्या ऑक्टोबरपूर्वी आणि त्यानंतर आपल्या वस्त्यांतल्या पोरांपुढे कुणी बाहुल्या मांडल्या असत्या, तर काय दिसले असते! दीक्षेने माणसात काय बदल झाला याचे आपल्याकडे आत्मकथन आहे, कविता आहे, आकडा नाही.

आपल्याकडे प्रयोग झाला तो पुष्कळ उशिरा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यामागे पैसे ठेवले होते. जात उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. मग काही गटांत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. तीच कोडी, तेच वय. पण दलित मुलांची कामगिरी पाचव्या हिश्शाने तरी खाली आली.

मला हा निबंध वाचताना आश्चर्य वाटले नाही. मी शिकले त्या शाळेत दर जुलैत वर्ग चालू असताना शिपाई यादी घेऊन यायचा आणि शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहावे असे बाई सांगायच्या. आडनाव, जात, दाखला आणलास का, बाप काय करतो. आम्ही सहा-सात जण उभे. बाकीचा वर्ग बसून पाहत असे. पुढच्या तासाला गणित असायचे. त्या तासाचे गुण कुणी मोजले नाहीत.

पण याच संशोधनाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांच्या २०१४ च्या निबंधात असे दिसते की जातवार वेगळे बसवून जात जाहीर केली तेव्हा सवर्ण मुलांचीही कामगिरी घसरली. आपण वरचे आहोत याची आठवण करून दिली की हात चालेनासा होतो. १९५२ च्या निवेदनातला जो अर्धा भाग न्यायालयाने सोडला, त्याला साठ वर्षांनी उत्तर प्रदेशातल्या शाळेत असा पुरावा मिळाला. वर्तमानपत्रांतून, भाषणांतून मात्र पहिलाच भाग फिरतो. दलित मुले घाबरतात, हे ऐकायला सगळ्यांना आवडते.

सार्वजनिक आरोग्यातही हेच. खेड्यातले लोक उघड्यावर शौचाला बसतात ते अडाणीपणामुळे, गरिबीमुळे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी हिंदी पट्ट्यातल्या पाच राज्यांत जाऊन पाहिले. चालू संडास असलेल्या घरांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त घरांत कुणी ना कुणी बाहेरच जात होते. कारण शोधता शोधता ते पोचले खड्ड्यापाशी : खड्डा भरल्यावर उपसणार कोण? ते काम ज्यांच्या माथी मारले होते ते आता नकार देऊ लागले आहेत, आणि स्वतः उपसणे म्हणजे बाटणे. बालमृत्यूचे, खुंटलेल्या वाढीचे एक कारण शिवाशिवीच्या मनात आहे, हे त्यांच्या २०१७ च्या पुस्तकात स्वच्छ लिहिले आहे. २०११-१२ च्या राष्ट्रीय पाहणीतही हाच रोख होता. तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळते का, असा प्रश्न विचारला. नाही म्हणणाऱ्याला पुढे विचारले, दलिताने तुमच्या स्वयंपाकघरात येऊन भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून देशातल्या २७ टक्के घरांनी पाळतो अशी कबुली दिली. ब्राह्मण घरांत हे प्रमाण ५२ टक्के. ही कबुली देणाऱ्यांसाठी समुपदेशन केंद्र काढावे असे कुणी सुचवल्याचे माझ्या वाचनात नाही.

मी इतिहास शिकवते. तरी दरवर्षी मानसशास्त्राच्या एक-दोन विद्यार्थिनी प्रबंधिकेचा विषय विचारायला येतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांतील न्यूनगंड हा विषय त्यांना आधीच कुणीतरी दिलेला असतो, प्रश्नावलीही तयार असते. यंदा मी एकीला सांगितले, प्रश्नावली तीच ठेव, पण वर्गात नको, स्टाफरूममध्ये वाट. ती म्हणाली, मॅडम, भरून कोण देणार? मी म्हटले, किती जण देत नाहीत ते मोज.